जस्टिन डार्ट ह्यांनी पक्ष का सोडला?

‘पक्षांतर’ हा शब्द कानी पडला की आपल्या मनात प्रथम येते ती खुर्ची. १९६७ नंतर आपल्या विधानसभांतून जे प्रकार घडले, त्यांना आळा घालण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेस दहावी अनुसूची जोडावी लागली. ह्यावरून त्या शब्दास कसा वास येऊ लागला होता ते उघडच आहे. आज जी हकीकत सांगावयाची आहे तीतही खुर्ची आहे खरी. परंतु ती चाकांची खुर्ची आहे.

जस्टिन डार्ट ह्यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. आजोबा चार्ल्स वॉलग्रीन ह्यांनी औषधांच्या दुकानांचा मोठा व्याप उभारलेला. वडील बडे उद्योगपती, आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन ह्यांच्या निकटच्या मंडळींपैकी एक. घराण्याचा पक्ष अर्थातच रिपब्लिकन. १९४८ साली, ऐन तारुण्यात, जस्टिन ह्यांस पोलिओने गाठले आणि पाय कायमचे गेले. त्यांनी ह्यूस्टन येथील विद्यापीठात इतिहास व शिक्षणशास्त्र ह्यांचा अभ्यास पुरा केला, पण शिक्षकाचे प्रमाणपत्र त्यांस नाकारण्यात आले; कारण एवढेच, की हा मनुष्य चाकांच्या खुर्चीत बसतो! ज्याने सारे आयुष्य फळ्यासमोर घालविले अशा माझ्यासारख्यास हे वाचून नवल वाटते. शिकविण्यासाठी पाय लागतात, हे शास्त्र कोठले?

पुढे ते व्यापारात शिरले. १९६३ साली जपानमध्ये त्यांनी टपरवेअर कंपनीचा कारभार सुरू केला आणि तेथे अपंगांना कामावर घेतले. १९६६ साली ते युद्धात होरपळणारे व्हिएतनाम पाहावयास गेले. सायगावच्या एका संस्थेत पोलिओ झालेली मुले जमिनीवर पडलेली त्यांनी पाहिली. अंगावर मांस नाही, पोटे फुगलेली, आणि मरणाची वाट पाहणे हाच त्यांचा उपचार. ह्या दृश्याने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. व्यापार सोडून, पत्नी योशिको ह्यांच्यासह काही वर्षे जपानच्या डोंगराळ भागात राहून ते १९७४ साली टेक्सास प्रांतात परतले आणि अपंगांच्या हक्कांच्या कार्यास लागले.

१९८१ साली रेगन अध्यक्ष झाले व त्यांनी डार्ट ह्यांस अपंगविषयक राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्ष नेमले. डार्ट ह्यांनी स्वखर्चाने पन्नासही संस्थानांत फिरून अपंगांची गाऱ्हाणी ऐकली. त्याच सुमारास त्याच सरकारने अपंगांच्या निर्वाहवेतनाची कडक फेरतपासणी आरंभिली होती, आणि तीत काही लाख लोकांची नावे कमी झाली. लोकांत इतका ओरडा झाला की १९८४ साली दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केला व ही तपासणी आवरली. डार्ट ह्यांच्या पक्षनिष्ठेची कसोटी १९९६ साली प्रथम लागली असे समजणे चुकीचे होय. ती रेगन ह्यांच्या काळीच लागली होती. १९८७ साली, पुनर्वसन खात्याचे प्रमुख असताना, त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याच खात्याच्या कारभारातील दोष उघड सांगितले. परिणामी राजीनामा द्यावा लागला.

तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही, आणि त्यास कारण होते. त्या काळी अपंगांचा प्रश्न कोणा एका पक्षाच्या मालकीचा नव्हता. नोकरी, प्रवास, दुकाने, सरकारी कचेऱ्या ह्यांत अपंगांना मज्जाव करू नये असा जो मोठा कायदा १९९० साली झाला, तो प्रतिनिधिगृहात ३७७ विरुद्ध २८ आणि सेनेटमध्ये ९१ विरुद्ध ६ अशा मतांनी संमत झाला. रिपब्लिकन अध्यक्ष बुश (थोरले) ह्यांनी २६ जुलै रोजी त्यावर सही केली आणि पहिली लेखणी डार्ट ह्यांच्या हाती दिली.

चारच वर्षांत वारे फिरले. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह चाळीस वर्षांनंतर जिंकले आणि न्यूट गिंग्रिच ह्यांच्या नेतृत्वाखाली खर्चकपातीचा सपाटा सुरू झाला. ह्यात मेडिकेड ही योजना सापडली. गरीब व अपंग लोकांच्या औषधोपचाराचा, आणि घरी येणाऱ्या सेवकाच्या मजुरीचाही भार ती उचलते. हा सेवक नसेल तर कित्येक अपंगांस सकाळी बिछान्यातून उठणेही शक्य होत नाही. ज्यास गरज त्यास साहाय्य, ही केंद्राची हमी काढून घेऊन संस्थानांना ठोक रक्कम द्यावयाची, असा बेत होता. अध्यक्ष क्लिंटन ह्यांनी डिसेंबर १९९५ मध्ये हे विधेयक नाकारले. जॉन्सन ह्यांनी १९६५ साली मूळ योजनेवर ज्या लेखणीने सही केली होती, तीच त्यांनी त्यासाठी हाती घेतली. डार्ट ह्यांनी त्याच वर्षी काही सहकाऱ्यांसह ‘जस्टिस फॉर ऑल’ ही संघटना काढली, आणि १९९६ साली क्लिंटन ह्यांच्या बाजूने उघड प्रचार आरंभिला. डोक्यावर गुराख्यांची रुंद टोपी घातलेला हा जुना रिपब्लिकन आता विरोधी पक्षाच्या व्यासपीठावर दिसू लागला.

ह्या निर्णयातील खरी अडचण अशी की समोरचा उमेदवार कोणी परका नव्हता. बॉब डोल ह्यांचा उजवा हात १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीच्या रणांगणावर निकामी झाला होता. सेनेटमधील त्यांचे पहिले भाषण, जखमेला बरोबर चोवीस वर्षे झाली त्या दिवशी, अपंगांच्या प्रश्नावरच झाले. १९९० च्या कायद्याचे ते एक आधारस्तंभ. पण कपातीचे ते विधेयक सेनेटमधून पार पडले तेही बहुमताचे नेते म्हणून त्यांच्याच हाताखाली. डार्ट ह्यांनी माणसाकडे पाहिले नाही, त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या पक्षाकडे पाहिले. हे डोल ह्यांच्यावर अन्यायाचे झाले असे म्हणणारे असतील. मला मात्र ते प्राप्तच वाटते, कारण कायदे पक्ष करतो.

तथापि दुसऱ्या घरीही सारे आलबेल नव्हते. २२ ऑगस्ट १९९६ रोजी, निवडणूक तोंडावर असता, क्लिंटन ह्यांनीच निर्वाहसाहाय्याच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याने अपंग मुलांस मिळणाऱ्या साहाय्याची व्याख्या आवळली व हजारो मुले यादीबाहेर गेली. रीतसर देशात राहणाऱ्या परदेशी अपंगांचेही साहाय्य तुटले, ते पुढच्या वर्षी बऱ्याच अंशी परत द्यावे लागले. असे असूनही डार्ट प्रचारातून मागे हटले नाहीत. ह्यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. माझ्या मते त्यांच्यासमोर चांगले व वाईट अशी निवड नव्हतीच. मेडिकेडची हमी आणि १९९० चा कायदा ही दोन शाबूत राहणे हेच त्यांचे माप होते, आणि त्या मापाने क्लिंटन उतरत होते. निवडणूक क्लिंटन जिंकले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी डार्ट ह्यांस अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक दिले. २२ जून २००२ रोजी डार्ट वॉशिंग्टन येथे वारले.

डोल त्यांच्यामागे बरीच वर्षे जगले. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार आपल्या देशाने २००७ सालीच मान्य केला. अमेरिकेत तो ४ डिसेंबर २०१२ रोजी सेनेटपुढे आला. एकोणनव्वद वर्षांचे डोल पत्नीसह चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आले व जुन्या सहकाऱ्यांना भेटले. ठराव मंजूर होण्यास ६६ मते हवी होती. ती ६१ पडली. विरुद्ध पडलेली सर्वच्या सर्व ३८ मते रिपब्लिकनांची होती.