मेख, कडे आणि मळसूत्र

पेण आणि रोहे या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रीतसर परवाना काढून ठासणीची बंदूक घरी बाळगण्याची वहिवाट अद्याप सर्वस्वी लोपलेली नाही. आणि ११ सप्टेंबर १८९५ रोजी जेथे विनोबांचा जन्म झाला त्या गागोदे बुद्रुकच्या परिसरात अशी एक जुनी बंदूक पाहत असता, तिची लोखंडी नळी लाकडी दस्त्याशी धरून ठेवणाऱ्या पितळेच्या तीन कड्यांनी माझे लक्ष जे वेधून घेतले, ते आजतागायत सोडलेले नाही. बंदुकीच्या इतिहासकारांनी चापाविषयी, जामगीविषयी, गारेच्या ठिणगीविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. नळी लाकडाला कशी जोडावी, या प्रश्नाला मात्र त्यांनी तळटीपेहून अधिक मान क्वचितच दिला. वस्तुतः बंदूक घडविणाऱ्या प्रत्येक कारागिराला हाच निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण बार उडताना बसणारा सगळा धक्का नळीतून दस्त्यात उतरतो तो या सांध्यातून.

या सांध्याची कुळे तीन. नळीच्या तळाशी डाग देऊन बसविलेल्या कानातून आरपार मेख घालावी, हे पहिले; नळी आणि लाकूड यांना मिळून बाहेरून वेढा द्यावा, हे दुसरे; आणि नळीच्या बुडालाच मळसूत्र पाडून ती दुसऱ्या लोखंडात पिळून बसवावी, हे तिसरे.

जपानकडे पाहावे. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पहिल्या तोडेदार बंदुका उतरल्या. त्यांच्या चापाची घडण गोव्याच्या कारखान्यांतील असावी असा एका पक्षाचा आग्रह आहे, आणि तो मला पटतो. १५१० मध्ये गोवे घेतल्यानंतर तीनच वर्षांनी आल्बुकेर्कने आपल्या राजाला लिहिताना तेथील बंदूककारांना बोहेमियाच्या कारागिरांच्या पंक्तीला बसविले होते. जपानी लोहारांना नळीच्या बुडाचा मळसूत्री पेच काही केल्या उमगेना, म्हणून एकाने ती विद्या मिळविण्यासाठी आपली कन्या परकीयास दिली, अशी आख्यायिका तेथे प्रसिद्ध आहे. परंतु नळी दस्त्याशी जोडण्यासाठी त्यांना कोणाची विद्या लागली नाही. तलवारीचे पाते मुठीत बसविताना आरपार जी मेख ते शतकानुशतके घालीत आले होते, तीच त्यांनी, त्याच नावाने, बंदुकीत घातली. येथेच माझ्या सिद्धान्ताचे मूळ आहे: नवे हत्यार परदेशातून येते, पण त्याचा सांधा प्रत्येक समाज आपल्या घरातून पुरवितो.

आपल्या घरात कोणता सांधा होता? वादीचा. नांगर जुवाला बांधावा तो वादीने किंवा दोराने. बांधणे हीच आपल्या कृषिजीवनातील जोडणीची मूळ क्रिया. म्हणून हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीची लांब, जड नळी, जिच्या पत्रा गुंडाळून केलेल्या घडणीचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त आस्थेने केले आहे, ती सडपातळ दस्त्यावर ठेवून कच्च्या चामड्याने, तारेने किंवा धातूच्या कड्यांनी बांधलेली आढळते. ओले चामडे गुंडाळले की वाळताना ते आपोआप आवळते, नळीला कान जोडण्यासाठी पुन्हा भट्टीत घालण्याचे कारण पडत नाही, आणि लाकडालाही भोके पडत नाहीत. यावर असा आक्षेप येईल की कोकणच्या पावसात तेच चामडे ढिले पडणार. आक्षेप रास्त आहे. आणि माझ्या मते चामड्याच्या जागी पितळ येण्याचे कारण शोभेत नसून याच चार महिन्यांत आहे.

आता वादाचा मुद्दा. युरोपात पायदळाच्या बंदुकीची नळी दीर्घकाळ मेखांनी जोडली जात असे. फ्रेंच सरकारने १७१७ साली पहिली प्रमाणभूत बंदूक ठरविली तेव्हा मेखांचेच राज्य होते. १७२८ च्या नमुन्यात मात्र मेखा गेल्या आणि त्यांच्या जागी तीन कडी आली. हे स्थित्यंतर एकाएकी कोठून आले? एक पक्ष म्हणतो, फ्रेंचांच्या स्वतःच्या बुद्धीतून; मेखा वारंवार काढल्याने दस्ता चिरतो, कडी मात्र सरकवून शिपाई स्वतः नळी उतरवू शकतो. दुसरा पक्ष तुर्कांच्या कडीबंद बंदुकांकडे बोट दाखवितो. उपयुक्ततेचे कारण मी नाकारीत नाही; पण उपयुक्तता ही गोष्ट टिकते का याचे उत्तर देते, सुचली कशी याचे देत नाही. फ्रेंच कंपनी १६६४ साली स्थापन झाली आणि १६७४ पासून तिचे बस्तान पाँडेचरीत होते. कड्यांनी बांधलेल्या बंदुका तिच्या माणसांच्या डोळ्यांसमोर अर्धशतक होत्या. वाट इस्तंबूलवरून गेली असो वा पाँडेचरीवरून, कड्याचे माहेर पूर्वेकडचेच, असे माझे ठाम मत आहे.

ते माहेरी परतले तेही आपल्याच दौलतीत. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत येऊन १७६१ साली पानिपतावर पडला. पुढे महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभी करणारा द बॉयन तारुण्यात फ्रेंच फौजेच्या आयरिश पलटणीत होता. फ्रेंच वळणाची कडीबंद बंदूक मराठी शिपायाच्या हाती या मार्गाने आली असणार, आणि ती त्याला अपरिचित वाटली नसणार. इंग्रज मात्र मेखेला चिकटून राहिले. कंपनीच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची ३९ इंची नळी मेखांवर होती. तितक्याच लांबीची नळी १८५३ च्या एनफील्डमध्ये तीन कड्यांत आली. आणि तिच्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली हिंदुस्थान पेटला.

मळसूत्राचा इतिहास सर्वश्रुत असल्याने तो थोडक्यात आटोपतो. आज फर्माइशी रायफल घडविणारा कारागीर नळीचे बूड थेट पेचाने खांद्यापर्यंत आवळतो. किंवा १९५८ साली सॅव्हेज कंपनीच्या निकोलस ब्रुअरने रूढ केलेल्या रीतीप्रमाणे वेगळ्या नटाने ती जागच्या जागी जखडतो. आणि काही रचनांत नळीभोवती चक्क आवळपट्टीच असते. नेमबाजांचा आग्रह असा की लाकडाने नळीला पुढे कोठेही स्पर्श करू नये, कारण तापलेल्या नळीला कड्याची पकड वाकवते. अचूक नेमासाठी हे मान्य. खांदा असलेले मळसूत्र मीही पहिले निवडीन. परंतु मळसूत्राने कड्याचा वंशच खुंटविला असे जे म्हणतात, त्यांनी इच्छापूरच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या घडलेली ली-एनफील्ड एकदा उलगडून पाहावी: नळीचे बूड पेचाने बसलेले आहे, आणि पुढे लाकडाच्या पोटात, बाहेरच्या कड्याच्या आड, स्प्रिंगवर ताणलेले आणखी एक लहान कडे नळीला वेढून आहे.