नाका कुणाच्या दारात?

२३ जून २०१६च्या ब्रिटिश मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या: युरोपीय संघात राहायचं, की बाहेर पडायचं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडायचं म्हटलं, १ कोटी ६१ लाखांनी राहायचं. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१. कशाकशातून बाहेर पडायचं आणि कितपत, हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढची साडेतीन वर्षं देश भांडला तो या न विचारलेल्या प्रश्नावरून. त्यात दोन पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं, दोन मुदतपूर्व निवडणुका झाल्या.

माझा धंदा कस्टम क्लिअरिंगचा. मूळची मी डोंबिवलीची. फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे बिल ऑफ एंट्री भरत उमेदवारी केली. लग्नानंतर इंग्लंडात आले आणि केंट परगण्यात, डोव्हर बंदरापासून फार लांब नसलेल्या एका कचेरीत तेच काम धरलं. त्यामुळे संसदेतून सार्वभौमत्व, लोकेच्छा, स्वाभिमान हे शब्द ऐकू आले की माझ्या डोक्यात एकच प्रश्न येई: ते सगळं ठीक, पण मग जकात नाका कुठे बसणार? ब्रेक्झिटवर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. तरी मला विचाराल तर तो सगळा इतिहास या एका प्रश्नाचा आहे.

ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात आला १ जानेवारी १९७३ला. त्याआधी फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असं दोनदा दार लावून घेतलं होतं. आत आल्यावर दोनच वर्षांत, ५ जून १९७५ला, राहायचं की नाही यावर पहिलं सार्वमत झालं आणि ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा बाहेर पडा म्हणणारे जास्त करून मजूर पक्षाचे होते. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या. पुढे युरोपच्या आतले नाके उठवणारं ‘सिंगल मार्केट’ घडवण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. त्याचा आराखडा १९८५मध्ये मांडला तो त्यांनीच ब्रसेल्सला पाठवलेल्या लॉर्ड कॉकफील्ड यांनी.

तो आराखडा १ जानेवारी १९९३ला अमलात आला आणि डोव्हरच्या क्लिअरिंगवाल्यांचं बहुतेक काम रातोरात आटलं. माझ्या कचेरीतला एक जुना इंग्रज सहकारी तेव्हा पोरसवदा कारकून होता. तो सांगायचा, डिसेंबरात आम्ही फ्रान्सच्या ट्रकांचे कागद रंगवत होतो आणि जानेवारीत ट्रक न थांबता निघून जायला लागले. आमच्या मुलुंड चेकनाक्यावर हेच २०१७मध्ये झालं. वर्षाला सात हजार कोटींच्या घरात उत्पन्न देणारी मुंबईची जकात १ जुलैला जीएसटी आला आणि बंद झाली. रात्र रात्र रांगेत काढणारे ट्रक सरळ शहरात शिरू लागले. त्याच वर्षी २९ मार्चला ब्रिटनने संघ सोडण्याची नोटीस ब्रसेल्सला पाठवली होती. माझं माहेर नाके पाडत होतं आणि सासर नाके बांधायला निघालं होतं.

इथे थोडं धंद्याचं सांगायला हवं, कारण अर्धं भांडण या अज्ञानातून झालं. नाक्यावर दोन कामं होतात. एक, कर वसूल करणं. दोन, माल नियमात बसतो की नाही ते पाहणं. कस्टम युनियनमध्ये असलात तर आपसातला कर जातो आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा दर एकच असतो. सिंगल मार्केटमध्ये असलात तर नियम एक होतात. दोन्हींत असलात तरच ट्रक न थांबता जातो. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम युनियनमध्ये नाही. म्हणून स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंदला त्याचा नाका आहे. तुर्कस्तानचं उलट आहे. कारखान्यातल्या मालापुरता तो कस्टम युनियनमध्ये आहे, सिंगल मार्केटमध्ये नाही, आणि बल्गेरियाच्या हद्दीवर कपिकुलेला ट्रकांच्या मैलोगणती रांगा लागतात. गर्दीच्या दिवशी दहा हजार ट्रक हाताळणाऱ्या डोव्हरमध्ये असा नाका बसवला तर काय होईल, हे आमच्या कचेरीतल्या चहावाटपाच्या मुलालाही कळत होतं. पण नोव्हेंबर २०१८मध्ये खुद्द ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनी जाहीर कबुली दिली की ब्रिटनचा व्यापार डोव्हर–कॅले मार्गावर किती अवलंबून आहे, याचा पुरता अंदाज आपल्याला नव्हता. आठवडाभरात त्यांनी राजीनामा दिला, तो मात्र वेगळ्या कारणावरून.

सार्वमतानंतर सोडणाऱ्यांत चार तट पडले. नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये राहू म्हणणारे. निदान कस्टम युनियन तरी ठेवू म्हणणारे. कॅनडासारखा मुक्त व्यापार करार पुरे म्हणणारे. आणि करार झाला नाही तरी बेहत्तर म्हणणारे. पाचवे होते, लोकांना पुन्हा विचारा म्हणणारे. पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ला लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात पहिले दोन रस्ते बंद केले: सिंगल मार्केटही सोडायचं आणि कस्टम युनियनही. म्हणजे नाका आला. फक्त कुठे, ते त्या बोलल्या नाहीत.

डोव्हरचं एक वेळ भागलं असतं. खरी अडचण होती आयर्लंडची. आयर्लंडचं प्रजासत्ताक युरोपीय संघात राहणार आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडणार. दोहोंमधली सरहद्द पाचशे किलोमीटरची, ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. तिथे जकात नाके बसले होते १ एप्रिल १९२३ला, आयर्लंड वेगळा झाल्यावर. पुढच्या संघर्षाच्या काळात तेच नाके हल्ल्यांचं लक्ष्य झाले. २२ ऑगस्ट १९७२ला न्यूरी गावच्या कस्टम क्लिअरिंग ठाण्यात बॉम्ब फुटला आणि नऊ माणसं गेली. त्यांतली तिघं बॉम्ब आणणारीच होती. बाकीचे कस्टमचे लोक आणि ट्रकड्रायव्हर. म्हणजे माझ्यासारखेच, टेबलावर कागद पुढे सारणारे आणि शिक्क्याची वाट पाहणारे. साडेतीन हजारांवर बळी घेतलेला तो संघर्ष १९९८च्या गुड फ्रायडे कराराने मिटला. कस्टमचे नाके १९९३मध्ये उठले होते, लष्कराच्या चौक्या करारानंतर उठल्या. तिथे पुन्हा साधं फाटक उभं करायलाही कुणाची छाती नव्हती.

त्यात मे यांनी जून २०१७मध्ये मुदतीआधी निवडणूक घेऊन स्वतःचं बहुमत घालवलं. सरकार टिकलं ते उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांवर. डिसेंबरात मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या असताना डीयूपीच्या आर्लिन फॉस्टर यांनी बेलफास्टहून बजावलं की आम्हाला बाकीच्या ब्रिटनपासून वेगळं पाडणारं काहीही चालणार नाही. ठरत आलेला मसुदा त्या दिवशी बारगळला. म्हणजे नाका जमिनीवर नको, समुद्रातही नको, आणि नाका टाळणारी कस्टम युनियनही नको.

२०१८च्या उन्हाळ्यात आमचा रुक्ष धंदा पहिल्या पानावर आला. मंत्रिमंडळात दोन योजना भिडल्या. एकीत ब्रिटनने आपल्या बंदरांत युरोपचा कर युरोपच्या वतीने गोळा करायचा होता. दुसरीचं लाडकं नाव ‘मॅक्स फॅक’: कॅमेरे, संगणक आणि आगाऊ अर्जांच्या जोरावर न दिसणारा नाका. महसूल खात्याचे प्रमुख जॉन थॉम्पसन यांनी मे महिन्यात संसदीय समितीपुढे दुसरीचा हिशेब मांडला: एका अर्जामागे साडेबत्तीस पौंड, वर्षाला सुमारे २० कोटी अर्ज, सगळं मिळून उद्योगांवर १७ ते २० अब्ज पौंडांचा बोजा. हा आकडा काढणाऱ्यालाच काहींनी शिव्या घातल्या. जुलैत चेकर्सच्या बंगल्यावर मंत्रिमंडळाला बसवून मे यांनी तिसराच मसुदा गळी उतरवला. दोन-तीन दिवसांत ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी.

नोव्हेंबरात ५८५ पानांचा करार आला. नाक्याचा पेच सुटेपर्यंत सगळा ब्रिटनच युरोपच्या कस्टम युनियनमध्ये राहील, अशी त्यात ‘बॅकस्टॉप’ नावाची तरतूद होती. १५ जानेवारी २०१९ला संसदेने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. एवढ्या फरकाने सरकारचा पराभव आधुनिक काळात झाला नव्हता. त्याच महिन्यात केंटमधल्या मॅन्स्टनच्या बंद विमानतळावर सरकारने वाहतूक कोंडीची रंगीत तालीम घेतली. रोजच्या हजारो ट्रकांच्या नावाने ८९ ट्रक जमवले आणि डोव्हरपर्यंत फिरवून आणले. ड्रायव्हर हसत होते आणि आम्हीही.

मार्चअखेर खासदारांनी कामकाजच आपल्या हाती घेतलं. २७ मार्चला कागदी मतपत्रिकांवर आठ पर्याय ठेवले. आठही पडले. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा मांडले. केन क्लार्क या हुजूर पक्षाच्या जुन्या खोडाने आणलेला कस्टम युनियनचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी पडला. दुसरं सार्वमत हवं असणाऱ्यांपैकी काहींनी त्याला मत दिलं नाही, कारण त्यांना सगळंच परत हवं होतं. निक बोल्स यांनी नॉर्वेच्या धर्तीवरचा आपला ठराव पडताच भर सभागृहात स्वतःचा हुजूर पक्ष सोडला. तडजोड कुणाची पहिली आवड नव्हती, आणि दुसऱ्या आवडीला हात वर करायला माणसं तयार नव्हती. मला विचाराल तर ब्रेक्झिटचा निकाल त्या रात्री लागला.

पुढचं भराभर झालं. मे यांचा करार तिसऱ्यांदा पडला होताच. जुलैत जॉन्सन पंतप्रधान झाले. आदल्या वर्षी डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन त्यांनीच सांगितलं होतं की ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासणी बसवण्याला कोणतंही हुजूर सरकार मान्यता देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये त्यांनी नेमका तोच करार केला. नाका आयरिश समुद्रात बसला. उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांनी कागदपत्रांबद्दल विचारलं तेव्हा, कुणी फॉर्म मागितला तर मला फोन करा, मी तो कचऱ्यात टाकायला सांगेन, असं उत्तर पंतप्रधानांनी दिलं. आमच्या कचेरीत तो फॉर्म भरायचं प्रशिक्षण तेव्हा सुरू व्हायचं होतं. १२ डिसेंबरला त्यांना ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२०च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन संघाबाहेर पडला.

खरा नाका सुरू झाला १ जानेवारी २०२१ला. नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. पूर्वी कंटेनर रॉटरडॅमला उतरला, तिथे एकदा कर भरला, की त्यातल्या पेट्या ट्रकने इंग्लंडात येत. आमच्याकडे एक ओळही लिहावी लागत नसे. आता तोच ट्रक आला की मालाचा कोड, आयातदाराचा क्रमांक, वजन, किंमत, मूळ देश, सगळं नव्याने. ब्रिटन–युरोप करार कर माफ करतो तो तिथे पिकलेल्या किंवा बनलेल्या मालाला. निफाडचं द्राक्ष हॉलंडमध्ये रात्रभर मुक्काम करून युरोपीय होत नाही. रॉटरडॅमला कर भरलात तर इथे पुन्हा भरा, नाही तर ‘टी-वन’चा कागद काढून सील न तोडता माल आणा. औषधाच्या रेसिड्यूची मर्यादाही आता ब्रिटन वेगळी ठरवू शकतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात माल अडकून हात पोळलेल्या बागायतदाराला, दोन मर्यादा सांभाळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

ही पीडा इंग्रजांनाही चुकली नाही. जानेवारी २०२१मध्येच हॉलंडच्या बंदरात कस्टमवाल्यांनी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरची हॅम सँडविचं काढून घेतली, ती टीव्हीवर जगाने पाहिली. आपल्या बाजूच्या तपासण्या मात्र ब्रिटनने पाच वेळा पुढे ढकलल्या, कारण महागाई वाढेल ही धास्ती. डोव्हरमार्गे येणाऱ्या खाद्यमालाची तपासणी अखेर ३० एप्रिल २०२४ला सुरू झाली, तीही बंदरापासून बावीस मैल आत, सेव्हिंग्टनला. समुद्रातल्या नाक्याची धार बोथट करायला २०२३मध्ये ‘विंडसर फ्रेमवर्क’ नावाचा नवा करार करावा लागला होता.

माझा धंदा यात तेजीत आला हे खरं. १९९३मध्ये काम गेलेल्यांची विद्या पुन्हा विकली जाऊ लागली. तरीही मी म्हणेन, हा पैसा काहीही न पिकवणारा आहे. त्या कागदाने एक घोस जास्त येत नाही, एक ट्रक लवकर पोचत नाही. देशाने कुठल्या संघात राहावं हा त्याच्या नागरिकांचा हक्क आहे, आणि बाहेर पडा म्हणणाऱ्यांना मी मूर्ख मानत नाही. माझा आक्षेप मतपत्रिकेवर आहे. बाहेर पडण्याचा निर्णय लोकांकडून घ्यायचा असेल, तर नाका कुणाच्या दारात बसणार हे आधी कागदावर मांडा आणि मग मत मागा.