आजोबांची जन्मनोंद कुठं शोधायची?

१९५० च्या सुमारास सातारा, सांगलीत रस्ते झाडणं, गटारं, देवीची लस ही नगरपालिकेची कामं होती. संडासांचा मैला सफाई कामगार टोपल्यांतून वाहून नेत. जन्म-मृत्यूचं रजिस्टरही नगरपालिकाच ठेवी. कुठल्या पेठेत, मोहल्ल्यात पटकीनं किती माणसं गेली हे कळल्याशिवाय साथ आवरत नव्हती. आज कागदपत्रांसाठी त्याच रजिस्टरची गरज पडते. शोधताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असं आम्ही सुचवतो.

पहिली, जागा. साताऱ्याची नोंद नगरपालिकेत, सांगली-मिरजेची आता महापालिकेत पाहावी. खेड्यातली नोंद तहसील कचेरीत गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असते.

दुसरी, जिल्हा. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुन्या कागदावर दक्षिण सातारा दिसलं तर ती चूक नव्हे.

तिसरी, नाव. बऱ्याच नोंदींत बाळाचं नाव नसतं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव असतं. शेख, मुलाणी, बागवान ही आडनावंही वेगवेगळी लिहिलेली सापडतात. काही नोंदी मोडीत आहेत, त्यासाठी जाणकार सोबत न्यावा.

नोंद मिळाली की प्रमाणित नक्कल घ्या. नुसत्या झेरॉक्सवर भागवू नका.