एकट्याचा माग

एकट्यानें मांडलेला धंदा कां बुडतो, हें समजण्यास औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरूचा माग पाहावा. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेलें हें वस्त्र दरबारीं मानाचें होतें. पुढें १८८९ सालीं शहरांत कापडगिरणी निघाली, १९०० च्या सुमारास आगगाडी आली, आणि गिरणीचा स्वस्त माल दाराशीं येऊन ठेपला. १९४८ सालीं निजामाची राजवट संपली, तेव्हां दरबारी गिऱ्हाईकही सरलें.

कोणी म्हणेल, दोष विणकराच्या आळसाचा. आम्हांस तसें वाटत नाहीं. कसब त्याच्या हातीं होतेंच. नव्हतें तें चांगल्या भावाची वाट पाहण्यापुरतें भांडवल, आणि एक गिऱ्हाईक गेल्यास दुसरें शोधण्याची सवड. मागावर बसणाऱ्यानें बाजार केव्हां हिंडावा?

इंग्लंडांत रॉचडेल येथें १८४४ सालीं २८ कामकऱ्यांनीं प्रत्येकीं एक पौंड जमवून पीठ-साखरेचें सामाईक दुकान थाटलें. त्यांतूनच जगभरच्या सहकारास वळण लागलें. सुटा पौंड कोणाच्याही घरीं चार दिवसांत खर्चून गेला असता.

कसब एकट्याचें असावें. जोखीम मात्र वांटून घ्यावी.