वार्धक्य, अवधान आणि चाल : वृद्धांच्या पडण्याविषयीच्या वैद्यकीय विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चालता चालता बोलणे, हातातील वस्तू सांभाळणे, मनात हिशेब करणे ही दुहेरी कामे तरुणपणी सहज घडतात. उतारवयात मात्र अशा वेळी चाल मंदावते, पावलांची लय बिघडते आणि तोल जाण्याचा संभव वाढतो. ही गोष्ट घरोघरी दिसत असली, तरी वैद्यकशास्त्राने तिची पद्धतशीर दखल विसाव्या शतकाच्या अखेरीस घेतली. पडण्याचे कारण केवळ पायांत शोधणारी दृष्टी अवधानाकडे कशी वळली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. अपघाताकडून लक्षणाकडे

इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथील डॉ. जोसेफ शेल्डन यांनी वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९६० मध्ये त्यांनी २०२ व्यक्तींच्या बाबतीत घडलेल्या पडण्याच्या ५०० घटनांचे विश्लेषण मांडले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश घटनाच अपघाती स्वरूपाच्या होत्या. उरलेल्या अनेक घटनांमागे चक्कर येणे, पाय अचानक गळून जाणे अशी शारीरिक कारणे होती. म्हातारपणी माणूस पडायचाच, या समजुतीला यामुळे छेद गेला. १९६५ मध्ये बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्यातील चार प्रमुख समस्या सांगितल्या. अस्थिरता आणि बौद्धिक ऱ्हास या त्यांतील दोन होत. या दोहोंमधील नाते मात्र हळूहळू उलगडत गेले. अमेरिकेत मेरी टिनेटी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ वर्षे व त्यावरील वयाच्या ३३६ व्यक्तींचा एक वर्ष पाठपुरावा केला. त्यांपैकी ३२ टक्के व्यक्ती किमान एकदा पडल्या आणि धोक्याच्या घटकांत बोधनक्षमतेतील उणीव ठळकपणे आढळली.

२. अवधानाचा प्रश्न

मानसशास्त्रात डॅनियल कानेमन यांनी १९७३ मध्ये अवधानाची शक्ती मर्यादित असते, हा विचार विस्ताराने मांडला होता. चालणे ही जर पूर्णपणे आपोआप घडणारी क्रिया असेल, तर बोलण्यामुळे तिच्यात अडथळा येऊ नये. स्वीडनमधील उमेओ येथील लुंडिन-ऑल्सन, न्युबेर्ग आणि गुस्टाफसन यांनी १९९७ मध्ये नोंदविलेले निरीक्षण याच दृष्टीने महत्त्वाचे ठरले. वृद्धनिवासातील ५८ व्यक्तींसोबत चालत असताना त्यांच्याशी संभाषण सुरू करण्यात आले. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले. कोणत्याही यंत्राविना केलेल्या या निरीक्षणाने चाल आणि विचार यांचा संबंध स्पष्टपणे समोर आणला.

३. निष्कर्षांच्या मर्यादा

तथापि, न थांबलेल्या ४६ जणांपैकीही ११ जण पडले, ही बाब नजरेआड करता येत नाही. थांबणे ही धोक्याची खूण असली, तरी न थांबणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे या १९९१ पासून प्रचलित असलेल्या चाचणीला शमवे-कुक व सहकाऱ्यांनी दुसऱ्या कामाची जोड देऊन पाहिली. त्यामुळे धोका ओळखण्याची क्षमता वाढत नाही, असे त्यांना २००० मध्ये आढळले. याउलट २००२ मध्ये वर्गीज व सहकाऱ्यांनी चालताना मुळाक्षरे म्हणावयास लावणारी चाचणी उपयुक्त ठरू शकते, असे दाखविले. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी चालण्याचा वेग मोजण्यास प्राधान्य दिले आणि बोधनक्षमतेच्या तपासणीलाही स्थान दिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, एकाच चाचणीने पडण्याचे भाकीत करता येत नाही. परंतु चालण्यासाठी मनही खर्ची पडते, हे आता निर्विवाद आहे. बोलण्यासाठी थांबणारी वृद्ध व्यक्ती हट्टी वा आळशी नसते. मर्यादित अवधान ती आधी तोल सांभाळण्यासाठी वापरत असते. तिला चालताना घाई न करणे, जिना उतरताना प्रश्न न विचारणे आणि असे थांबणे नव्याने दिसू लागल्यास वैद्यकीय तपासणी करून घेणे, हा या इतिहासातून मिळणारा व्यावहारिक बोध होय.