शरणागती आणि संमती

न्यायालयाचा निकाल आणि डॉक्टरांचा अहवाल हेही मजकूरच असतात. त्यांतील शब्दांवर अत्याचारित स्त्रीला आधार मिळणे वा न मिळणे अवलंबून असते, हे विदर्भाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

२६ मार्च १९७२ रोजी रात्री देसाईगंज (तेव्हा चंद्रपूर, आता गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. ते नाव येथे मुद्दाम वगळले आहे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, सबब प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, सबब संमती, असा त्यामागील तर्क होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्कावर बोट ठेवले : भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले.

कायद्याची भाषा बदलली. तपासणीची मात्र तीच राहिली. तिला प्रश्न विचारला गेला तो सेवाग्रामहून. धामणगाव रेल्वेहून नागपूरकडे निघालेली गाडी पुलगाव, वर्धा करीत तिथे पोचते. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांची दुरवस्था आणि 'दोन बोटांच्या चाचणी'ची अशास्त्रीयता अहवालरूपाने मांडली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरविली आणि २०२२ मध्ये ती करणे गैरवर्तन मानले जाईल असे बजावले.

आज धामणगावातल्या स्त्रीलाही सरकारी वा खासगी रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार द्यावेत, असे कायदा सांगतो. तपासणीला तिची संमती लागते. तिने नकार दिला तरी उपचार थांबविता येत नाहीत. गुन्हा कोठेही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या मौनातून काढलेली संमती आता तिच्या तोंडून विचारावी लागते.