पाण्याखालची जमीन आणि ५०,००० रुपयांचा शेअर

निवृत्तीचे पैसे कुठे गुंतवू, असं पलटणीतले जुने सोबती विचारतात. मी त्यांना आधी १८६५ची मुंबई सांगतो.

१८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आपल्या कापसाला अचाट भाव आला. तो पैसा मुंबईच्या शेअरांत शिरला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेला. जमीन अजून पाण्यातच!

युद्ध कधीतरी संपणार, हे लोकांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण शेजारी नफा मोजतोय आणि आपण मागे राहिलो, ही बोच हिशोबाला भारी पडली. त्यात प्रेमचंद रायचंदांसारखा बडा व्यापारी बाजारात उतरलेला. मग शंका कोण काढणार? फौजेत चढाई आखतानाच माघारीची वाटही आखतात. इथे ती क्वचितच कुणी आखली असेल.

एप्रिल १८६५ला जनरल ली शरण आले, कापूस कोसळला. १ जुलैला वायदे चुकते करायचे होते. अनेकांकडे द्यायला पैसेच नव्हते. शेअर तारण घेऊन कर्ज वाटणारी बँक ऑफ बॉम्बेही पुढे १८६८ला गुंडाळली गेली. प्रेमचंदांनी १८६४ला राजाबाई टॉवरसाठी दिलेले २ लाख मात्र आजही फोर्टात उभे दिसतात.